खाजगी विकासप्रकल्पांना स्थानिक शासनाचे साहाय्य

खाजगी विकासप्रकल्पांना स्थानिक शासनाचे साहाय्य : नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या स्थानिक शासनसंस्थांनी खाजगी भांडवलावर उभारल्या जाणाऱ्या इमारती, वसाहती, बाजारसंकुले, उद्योग इत्यादींना कायद्याच्या मर्यादेत राहून दिलेली जमीन, वाढीव बांधकामहक्क, मूलभूत सोयी, अर्थसाहाय्य किंवा करसवलत. असे साहाय्य देण्यामागे दोन कारणे संभवतात. शहराला हवी असलेली रस्ते, उद्याने, शाळा, घरे यांसारखी कामे स्वतःच्या महसुलातून करणे स्थानिक संस्थेस परवडत नाही, हे एक. आणि खाजगी गुंतवणुकीमुळे रोजगार व करांचे उत्पन्न वाढेल अशी अपेक्षा असते, हे दुसरे. तथापि सार्वजनिक मालमत्ता किंवा सार्वजनिक अधिकार खाजगी व्यक्तीच्या लाभासाठी वापरला जाण्याचा धोका या व्यवहारात अंगभूत असतो. त्यामुळे साहाय्याच्या बदल्यात जनतेला नेमके काय मिळते, त्याचे मूल्य किती आणि ते न मिळाल्यास वसूल कसे होणार, हे तीन प्रश्न या विषयावरील सर्व कायद्यांच्या व न्यायनिर्णयांच्या मुळाशी आहेत.

मूलभूत तत्त्वे : स्थानिक संस्था ही कायद्याने निर्माण केलेली संस्था होय. खाजगी व्यक्तीला कायद्याने मना न केलेली प्रत्येक गोष्ट करता येते. स्थानिक संस्थेला मात्र कायद्याने स्पष्टपणे किंवा अपरिहार्य अर्थाने दिलेलेच अधिकार वापरता येतात. त्यापलीकडील कृती अधिकारबाह्य ठरते व सभेने एकमताने केलेला ठरावही तिला वैध करू शकत नाही. दुसरे तत्त्व सार्वजनिक प्रयोजनाचे होय. करांतून जमलेला पैसा आणि सक्तीच्या संपादनाचा अधिकार केवळ सार्वजनिक प्रयोजनासाठीच वापरला पाहिजे. एखाद्या व्यवहारात खाजगी व्यक्तीचा फायदा झाला, एवढ्यावरून तो अवैध ठरत नाही. परंतु तो फायदा सार्वजनिक प्रयोजनाच्या ओघात झालेला असावा लागतो. तिसरे तत्त्व समानतेचे आहे. भारतीय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदानुसार शासनसंस्थेने लाभाचे वाटप करताना सर्व पात्र इच्छुकांना समान संधी दिली पाहिजे. या तत्त्वातूनच जाहीर निविदा, लिलाव व प्रसिद्ध केलेले निकष यांची आवश्यकता निर्माण होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक नगरांनी व परगण्यांनी आपल्या गावावरून लोहमार्ग जावा म्हणून कर्जरोखे काढून लोहमार्ग कंपन्यांना मदत केली. त्यांपैकी काही मार्ग पुरे झालेच नाहीत. कर्ज मात्र करदात्यांच्या माथी राहिले. या अनुभवानंतर अनेक राज्यांनी स्थानिक संस्थांना खाजगी कंपन्यांस पैसा किंवा पत देण्यास आपल्या संविधानांतच मनाई केली. कॅनझस राज्यातील टोपीका नगराने लोखंडी पूल बनविणाऱ्या एका कंपनीला कारखाना काढण्यासाठी दिलेले कर्जरोखे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७४ मध्ये अवैध ठरविले. कारखान्यामुळे गावाचा व्यापार वाढेल हे खरे असले, तरी तेवढ्याने कर बसविण्यास पुरेसे सार्वजनिक प्रयोजन सिद्ध होत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. पुढे महामंदीच्या काळात १९३६ मध्ये मिसिसिपी राज्याने एक निराळी वाट काढली. नगरांनी रोखे काढून कारखान्याची इमारत स्वतःच्या मालकीने बांधावी व ती उद्योजकास भाड्याने द्यावी, अशी ती योजना होती. या पद्धतीत मालमत्ता नगराकडेच राहत असल्याने ती न्यायालयीन कसोटीस उतरली.

यूरोपात जमिनीच्या पुनर्रचनेचा मार्ग अधिक रूढ झाला. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरासाठी तेथील महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या प्रयत्नाने १९०२ मध्ये झालेल्या कायद्यान्वये लहानमोठ्या मालकांच्या जमिनी एकत्र करून, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढून घेऊन उरलेल्या जमिनीची घरबांधणीयोग्य भूखंडांत फेरवाटणी करता येऊ लागली.

मुंबईत १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये नगर सुधार विश्वस्त मंडळ (सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. या मंडळाने दादर-माटुंग्यासारख्या भागांत जमीन संपादून रस्ते व गटारे केली आणि आखलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी लोकांस घरबांधणीसाठी दिले. जमिनीची मालकी सार्वजनिक संस्थेकडे व बांधकामाचे भांडवल खाजगी, अशी ही विभागणी होती. १९३३ मध्ये हे मंडळ मुंबई महानगरपालिकेत विलीन झाले. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने फेरवाटणीची पद्धत भारतात आणली व तीनुसार विलेपार्ले, सांताक्रूझ इ. उपनगरांची आखणी झाली.

महाराष्ट्रातील कायदेशीर चौकट : १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या संविधानदुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना संविधानात स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत नगरनियोजन, जमीनवापराचे नियमन व आर्थिक-सामाजिक विकासाचे नियोजन यांचा समावेश आहे. परंतु हे अधिकार प्रत्यक्षात किती द्यावयाचे, हे राज्य विधिमंडळ ठरविते. महाराष्ट्रात बृहन्मुंबईस १८८८ चा, इतर महानगरपालिकांस १९४९ चा व नगरपरिषदांस १९६५ चा अधिनियम लागू आहे. नियोजनविषयक अधिकार १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातून येतात. या अधिनियमाखाली महानगरपालिका किंवा नगरपरिषद ही आपल्या क्षेत्रापुरती नियोजन प्राधिकरण असते व तिने तयार केलेल्या विकास योजनेस आणि विकास नियंत्रण नियमांस राज्य शासनाची मंजुरी लागते [⟶ नगरपालिका, नगररचना].

साहाय्याचे प्रकार : (१) जमीन व मालमत्ता : स्थानिक संस्थेला आपली जमीन विकता किंवा भाडेपट्ट्याने देता येते. तथापि १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ७९ नुसार विक्री, भाडेपट्टा किंवा अन्य हस्तांतरणाचा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. नगरपरिषदांना अल्पमुदतीचे भाडेपट्टे वगळता स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणासाठी राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. स्वस्तात जमीन देऊन एखाद्या प्रकल्पास आकर्षित करण्याचा मार्ग त्यामुळे स्थानिक संस्थेस स्वतःच्या इच्छेने अनुसरता येत नाही.

(२) नगररचना योजना : या योजनेत एका विभागातील सर्व जमिनींचा एकत्रित विचार करून प्रत्येक मालकास मूळ जमिनीच्या बदल्यात आकाराने लहान परंतु रस्त्यालगतचा व बांधकामयोग्य असा अंतिम भूखंड देण्यात येतो. सोयींमुळे जमिनीची किंमत वाढते. त्या वाढीच्या निम्म्यापर्यंतचे अंशदान मालकाकडून घेता येते. म्हणजे सार्वजनिक खर्चाने झालेल्या मूल्यवृद्धीचा काही भाग जनतेकडे परत येतो. गुजरात राज्य विरुद्ध शांतिलाल मंगलदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये या पद्धतीस वैध ठरविले. गुजरातमध्ये ती अखंडपणे वापरात राहिली; महाराष्ट्रात मात्र योजना पुऱ्या होण्यास लागणारा दीर्घ काळ व वाद यांमुळे ती मागे पडली. अलीकडे तिचा पुन्हा अवलंब करण्यात येत आहे.

(३) बांधकामहक्क : भूखंडाच्या क्षेत्रफळाशी अनुज्ञेय बांधकामाचे जे प्रमाण असते, त्यास चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. १,००० चौ. मी. भूखंडावर निर्देशांक १ असेल, तर सर्व मजले मिळून १,००० चौ. मी. बांधकाम करता येते. निर्देशांक वाढविल्यास स्थानिक संस्थेच्या तिजोरीतून एक रुपयाही न जाता मालकास मोठा लाभ होतो. म्हणून पैशाऐवजी बांधकामहक्क देणे, हा महाराष्ट्रातील साहाय्याचा सर्वांत प्रचलित प्रकार झाला आहे.

त्याचे मूळ आरक्षित जमिनींच्या प्रश्नात आहे. विकास योजनेत उद्यान, शाळा, रस्ता यांसाठी राखलेली खाजगी जमीन पैसे देऊन घेणे स्थानिक संस्थांस झेपेना. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक खरेदीची सूचना देऊ शकतो व त्यानंतर विहित मुदतीत, जी सुरुवातीस सहा महिन्यांची होती व पुढे चोवीस महिन्यांची करण्यात आली, कारवाई न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. यावर उपाय म्हणून बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी हस्तांतरणीय विकास हक्काची पद्धत आणली. टीडीआर या इंग्रजी आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. आरक्षित जमीन निर्वेध स्थितीत महानगरपालिकेस दिल्यास मालकास विकास हक्क प्रमाणपत्र मिळते. हा हक्क त्यास दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येतो.

आरंभीच्या नियमांत जमिनीच्या किमतीतील फरक विचारात घेतला जात नव्हता. त्यामुळे स्वस्त भागात निर्माण झालेला हक्क महाग भागात वापरण्याकडे कल झाला आणि तेथील रस्ते व पाणीपुरवठा यांवर ताण पडला. २०१६ मधील सुधारणांनी हक्काची सांगड दोन्ही ठिकाणच्या जमिनींच्या शासकीय वार्षिक दरांशी व रस्त्याच्या रुंदीशी घातली. उदा., २०,००० रु. प्रती चौ. मी. दराच्या जमिनीवर निर्माण झालेला १,००० चौ. मी. हक्क ४०,००० रु. दराच्या भूखंडावर वापरावयाचा असल्यास तो ५०० चौ. मी. एवढाच ठरतो.

वाढीव बांधकामहक्क अधिमूल्य आकारूनही देता येतात. मुंबईत पूर्वी सज्जे, पुष्पवाटिका यांसारखे भाग निर्देशांकाच्या गणनेतून वगळण्याच्या सवलती आयुक्तांच्या स्वेच्छाधिकारात दिल्या जात. २०१२ मध्ये हे भाग गणनेत धरण्यात येऊन त्यांच्याऐवजी निवासी इमारतींस ३५ टक्क्यांपर्यंत व व्यापारी आणि औद्योगिक इमारतींस २० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य घेऊन देण्याचा नियम झाला. अधिकाऱ्याच्या मर्जीची जागा जाहीर दराने घेतली, हे या बदलाचे मुख्य महत्त्व होय.

(४) समावेशक आरक्षण : या प्रकारात आरक्षित भूखंड मालकाने स्वतः विकसित करावयाचा असतो. भूखंडाच्या ठराविक भागावर तो बाजार, दवाखाना, शाळा अशी नियोजित सोय बांधून स्थानिक संस्थेस विनामूल्य देतो आणि उरलेल्या भागाचा स्वतःसाठी वापर करतो. सोय ताब्यात येण्यापूर्वीच मालकाच्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, तर पुढे ती सोय मिळविण्यासाठी स्थानिक संस्थेच्या हाती प्रभावी साधन उरत नाही. म्हणून हस्तांतरण आधी व प्रमाणपत्र नंतर, हा क्रम कळीचा ठरतो. झोपडपट्टी पुनर्वसनाची १९९५ पासूनची मुंबईतील योजनाही याच धर्तीची आहे. विकासक पात्र रहिवाशांस विनामूल्य घरे बांधून देतो व त्या बदल्यात विक्रीयोग्य बांधकामहक्क मिळवितो. ती राबविण्यासाठी मात्र स्वतंत्र प्राधिकरण आहे. सुरुवातीस ७० टक्के रहिवाशांची संमती आवश्यक होती. पुढे ही मर्यादा ५१ टक्क्यांवर आणण्यात आली.

(५) सक्तीचे संपादन : १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमात कंपन्यांसाठी जमीन संपादण्याचे स्वतंत्र प्रकरण होते. त्याची जागा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या २०१३ च्या अधिनियमाने घेतली. केंद्रीय अधिनियमानुसार खाजगी कंपनीच्या प्रकल्पासाठी बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची व सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी जमिनीची मालकी शासनाकडे राहत असल्यास किमान ७० टक्क्यांची पूर्वसंमती लागते. सामाजिक परिणामांचे मूल्यांकन, वाढीव भरपाई व पुनर्वसन यांच्याही तरतुदी त्यात आहेत. खाजगी विकासकासाठी इतरांची जमीन मिळवून देणे हे साहाय्य त्यामुळे कायद्याने अशक्य नसले, तरी बरेच दुष्कर झाले आहे [⟶ भूमिसंपादन].

(६) भागीदारी : ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खाजगी संस्था स्वखर्चाने सार्वजनिक सोय उभारते व ठराविक मुदतीपर्यंत तिच्यापासून उत्पन्न घेते. करारातील जोखमीची वाटणी येथे निर्णायक असते. कोल्हापूर शहरातील रस्त्यांच्या प्रकल्पात खर्चाची वसुली शहराच्या प्रवेशनाक्यांवरील पथकरातून व्हावयाची होती. पथकराविरुद्ध दीर्घकाळ मोठे जनआंदोलन झाले व अखेर राज्य शासनास तो रद्द करावा लागला. ज्यांच्याकडून वसुली व्हावयाची, त्या नागरिकांची संमती गृहीत धरता येत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

(७) करसवलत : संविधानाच्या २४३-भ (इंग्रजी पाठातील २४३ एक्स) या अनुच्छेदानुसार स्थानिक संस्थेस कर बसविण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यातूनच मिळतो, माफी देण्याचा अधिकारही तसाच मर्यादित असतो. सार्वजनिक पूजास्थाने व धर्मादाय वापराच्या इमारती यांना अधिनियमात मालमत्ताकरातून सूट आहे. मात्र एखाद्या विशिष्ट कंपनीस प्रोत्साहन म्हणून तो माफ करण्याचा सर्वसाधारण अधिकार महानगरपालिकेस नाही. उद्योगांना दिली जाणारी प्रोत्साहने महाराष्ट्रात १९६४ पासून राज्य शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून दिली जातात.

न्यायालयीन नियंत्रण : मोकळ्या जागांच्या बाबतीत न्यायालयांची भूमिका विशेष कठोर राहिली आहे. बंगलोर येथे उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयास देण्याचा निर्णय रहिवाशांच्या तक्रारीवरून १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. रुग्णालय उपयुक्त असले तरी ते उद्यानाची जागा घेऊ शकत नाही व उद्यानासंबंधी दाद मागण्याचा अधिकार परिसरातील नागरिकांस आहे, असे न्यायालयाने मानले.

लखनौ नगर महापालिकेने अमीनाबाद भागातील झंडेवाला उद्यानाखाली भुयारी बाजारसंकुल व वाहनतळ बांधण्याचे काम १९९३ मध्ये एका बांधकाम कंपनीस दिले. कंपनी सर्व खर्च करणार असल्याने महापालिकेस तोशीस नाही, असे समर्थन करण्यात आले. परंतु निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या आणि अत्यंत मोलाची जमीन हाती आलेल्या कंपनीस किती लाभ होईल, याचा हिशेब महापालिकेने केलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हा करार एकतर्फी व सार्वजनिक विश्वस्ततेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविला. बांधकाम बरेच पुढे गेलेले असूनही ते पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. महापालिका ही उद्यानाची मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे या निर्णयाचे सार होय.

भोपाळ येथे जाहिरातीविना एका न्यासास दिलेली जमीन २०११ मध्ये याच न्यायालयाने रद्द केली. मात्र नैसर्गिक साधनसंपत्तीसंबंधी राष्ट्रपतींनी मागविलेल्या अभिप्रायात २०१२ मध्ये न्यायालयाने असेही स्पष्ट केले, की लिलाव हा एकमेव संवैधानिक मार्ग नव्हे. पद्धत कोणतीही असली तरी ती न्याय्य, पारदर्शक व मनमानीपासून मुक्त असली पाहिजे.

नियम बनविण्याच्या टप्प्यावर मात्र न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत. मुंबईतील कापडगिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न याचे ठळक उदाहरण होय. १९९१ च्या नियम ५८ प्रमाणे पुनर्विकसित होणाऱ्या गिरणीची जमीन ढोबळमानाने तीन भागांत विभागून मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेस, घरांसाठी गृहनिर्माण मंडळास व उरलेली मालकास मिळावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लावला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो अमान्य करून दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी उद्याने व कामगारांची घरे यांच्या वाट्याला येणारी जमीन फार मोठ्या प्रमाणात घटली. ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या व्याख्येने गिरणगावाच्या पुनर्रचनेचे स्वरूप ठरविले.

अन्य देशांतील अलीकडील अनुभव : अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९५२ मध्ये कराच्या वाढीव उत्पन्नावर आधारित अर्थपुरवठ्याची पद्धत सुरू केली. एखाद्या विभागाच्या पुनर्विकासानंतर मालमत्ताकरात होणारी वाढ त्याच विभागातील कामांसाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीस वापरली जाते. ही पद्धत अन्य बहुतेक राज्यांत पसरली. परंतु शाळा व इतर संस्थांचा महसूल वळविला जातो, या आक्षेपामुळे खुद्द कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये आपली पुनर्विकास मंडळे विसर्जित केली.

कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन शहराने आर्थिक विकासाच्या योजनेसाठी खाजगी घरे सक्तीने घेण्याचा निर्णय केला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो वैध ठरविला. मात्र ज्या औषधकंपनीच्या संशोधनकेंद्रामुळे ही योजना आखली गेली, तिने २००९ मध्ये शहर सोडण्याचे जाहीर केले व घरे पाडून मोकळी केलेली जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली. या निर्णयानंतर चाळीसहून अधिक राज्यांनी सक्तीच्या संपादनाचे आपले कायदे बदलले.

मूल्यमापन : खाजगी विकासास साहाय्य करणे हे स्थानिक शासनाचे अनुचित कार्य नव्हे. अनेक शहरांतील रस्ते, मंडया व घरे अशा साहाय्यातूनच उभी राहिली आहेत. तिजोरीतून पैसा जात नाही म्हणून बांधकामहक्क हे साहाय्य फुकटचे आहे, हा समज मात्र चुकीचा आहे. वाढीव वस्तीस लागणारे पाणी, मलनिःसारण, शाळा व मोकळी हवा यांचा भार पुढील पिढ्यांवर पडतो आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदला जात नाही. जमीन, हक्क किंवा सवलत देण्यापूर्वी तिचे मूल्य स्वतंत्र तज्ञांकडून ठरवून घेणे, सर्व इच्छुकांस संधी देणे, बदल्यात मिळणाऱ्या सोयींचे स्वरूप व मुदत करारात नोंदविणे, मुदत न पाळल्यास जमीन परत घेण्याची अट घालणे आणि करार नागरिकांस पाहण्यास खुला ठेवणे, या पाच गोष्टी पाळल्या गेल्यास बहुतेक वाद टाळता येतात. भारतीय न्यायालयांनी रद्द केलेल्या वर निर्दिष्ट व्यवहारांत साहाय्य देण्याची कल्पना मुळात वर्ज्य नव्हती. सार्वजनिक मोबदल्याचा हिशेब मांडला गेला नव्हता किंवा तो मांडण्याची संधी इतरांस नाकारली गेली होती.